कोणी कोणतं सोंग घ्यावं

होळी सरली की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडच्या गावांत बोहाडा लागतो. रात्री संबळ वाजू लागतो, टेंभे पेटतात आणि एकामागून एक सोंगं निघतात: गणपती, शारदा, रावण, नरसिंह, वेताळ, देवी. प्रत्येकाचा मुखवटा वेगळा, चाल वेगळी. कोणता मुखवटा कोण चढवणार, हे मात्र नाचण्याच्या कसबावर ठरत नाही. सोंगाचा मान घराण्याकडे असतो आणि तो बापाकडून मुलाकडे जातो. शेजारच्या घरातला पोरगा दुप्पट चपळ असेल, पण नरसिंह त्याच्या घरचा नाही.

कल्पनारम्य खेळांच्या दुनियेत नेमक्या याच मुद्द्यावर पन्नास वर्षं वाद चालू आहे. २००४ साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये पात्र घडवताना आधी वंश निवडायचा: माणूस, ड्वार्फ, ऑर्क, बैलाच्या तोंडाचा धिप्पाड टॉरेन वगैरे. मग पेशा, म्हणजे खेळणाऱ्यांच्या भाषेत क्लास: योद्धा, जादूगार, चोर, पंचमहाभूतांशी बोलणारा शामान, देवाच्या तेजाने लढणारा पॅलाडिन. पण हव्या त्या वंशाला हवा तो क्लास मिळत नसे. पॅलाडिन व्हायचं तर माणूस किंवा ड्वार्फ व्हा. शामान व्हायचं तर ऑर्क, ट्रोल किंवा टॉरेन. कारण विचारलं तर उत्तर एकच: लोर. लोर म्हणजे त्या कल्पित जगाचं पुराण. टॉरेनांच्या पुराणात पॅलाडिन नाहीत, म्हणून तुम्हालाही होता येणार नाही.

यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, सगळ्यांना सगळं करता आलं तर एल्फ आणि ऑर्क यांच्यात कानांच्या लांबीपलीकडे फरक काय उरला? दुसरा म्हणतो, पैसे माझे, संध्याकाळ माझी, मग कोणी तरी रचलेल्या पुराणाने मला का अडवावं? दोन्ही बाजू मला अर्ध्याच पटतात. बंदी घालणं हे लोर सांगण्याचं सर्वांत स्वस्त साधन आहे आणि सरसकट मोकळीक हे ती जबाबदारी टाळण्याचं. पालघर जिल्ह्यात राहून हा वाद पाहिला की दोन्ही तटांच्या युक्तिवादातली भोकं जरा लवकर दिसतात.

आधी इतिहास. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आलं. त्यात ड्वार्फ फक्त लढवय्या होऊ शकत असे आणि तोही सहाव्या पातळीपर्यंतच. हॉबिट चौथ्या पातळीवर थांबे. एल्फ जादू शिके, पण आठव्या पातळीपर्यंत. माणसाला मात्र कुठेच अडवणूक नव्हती. १९७८च्या प्रगत आवृत्तीत पॅलाडिन होण्याचा हक्क माणसाकडेच राहिला. १९८१च्या सोप्या आवृत्तीने तर वंश आणि पेशा एकच करून टाकला. तिथे एल्फ हाच एक क्लास होता. या सगळ्यामागे लोर होतं असं समजणं चूक ठरेल. एल्फला अंधारात दिसतं, ड्वार्फ जादूला दाद देत नाही; एवढे फायदे फुकट मिळाल्यावर माणूस कोण होणार? गायगॅक्सना माणसांचं वर्चस्व असलेलं जग हवं होतं, म्हणून इतरांच्या वाढीला त्यांनी छत बसवलं. मुळात हिशेबाची तडजोड होती, पुराणाचं अस्तर तिला नंतर लागलं.

तो हिशेबही कच्चाच होता. बहुतेक खेळ सहाव्या-आठव्या पातळीपर्यंत पोचण्याआधीच मोडतात. म्हणजे एल्फने फायदे पहिल्या दिवसापासून उपभोगायचे आणि किंमत कधी चुकवायचीच नाही. शेवटी २००० साली तिसऱ्या आवृत्तीने ही बंधनं काढून टाकली.

बंधनं कागदावरून गेली, पण आकड्यांतून राहिली. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत अर्ध-ऑर्कला ताकदीचे दोन गुण आणि काटकपणाचा एक गुण जास्त मिळे. जादूगाराला हवी बुद्धी. अर्ध-ऑर्क जादूगार करायला मनाई नव्हती, फक्त तो शेजारी बसलेल्या मित्राच्या जादूगारापेक्षा कायम थोडा मागे राही. नियम म्हणतो ये, आकडा म्हणतो येऊ नकोस. माझ्या मते हा बंदीचा सर्वांत अप्रामाणिक प्रकार आहे, कारण त्याला कारण द्यावं लागत नाही. २०२०च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकाने हे गुण हवे तिथे हलवायची मुभा दिली आणि २०२४च्या आवृत्तीत ते वंशावरून काढून पात्राच्या पूर्वायुष्याला जोडले गेले. ऑर्क ताकदवान असेल, तर तो ऑर्क आहे म्हणून नाही, शेतात राबला म्हणून.

हा बदल अमेरिकेत झाला तेव्हा तिथल्या वंशवादाच्या चर्चेची त्याला पार्श्वभूमी होती. आपल्याकडे ती चर्चा आयात करायची गरजच नाही. जन्मावरून पेशा, ही कल्पना मराठी वाचकाला कोणत्याही एल्फाशिवाय ठाऊक आहे. निषादपुत्र एकलव्य धनुर्धर झाला आणि त्याचा अंगठा गेला. कर्णाने परशुरामापुढे जात लपवली आणि ऐन वेळी विद्या विसरण्याचा शाप घेतला. विश्वामित्र क्षत्रिय असून ब्रह्मर्षी झाला, पण त्यासाठी त्याला किती तपं करावी लागली आणि ती किती वेळा मोडली! महाभारत-रामायणाचे कर्ते आजच्या खेळांपेक्षा चलाख होते. त्यांनी विसंगत जोड्या गाळल्या नाहीत. त्यांच्यावरच तर कथा उभ्या केल्या. एकलव्याची गोष्ट आठवते ती नियम काय होता म्हणून नव्हे, तो मोडल्यावर कोणी काय वसूल केलं म्हणून.

पालघरमध्ये ही गोष्ट पुराणातली राहत नाही. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात वारली आदिवासीच्या पोटी जन्मणं म्हणजे सावकार-जमीनदाराकडे राबणं, असं समीकरण १९४५पर्यंत रोजचं होतं. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघं आयुष्यभर मालकाचे. त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५च्या मे महिन्यात झरी गावच्या सभेपासून गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेबरोबर वारल्यांनी वेठीला नकार दिला, त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबारही झाला. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' पुस्तक याच लढ्याचं. ज्या जिल्ह्यात वंशाला जखडलेलं काम माणसांनी अशी किंमत देऊन सोडवलं, तिथे बसून 'अमुक वंशाला अमुक पेशा नाही' हा नियम निरागसपणे लिहिता येत नाही. तो लिहायचा तर त्या जगात तो कोणाच्या फायद्याचा आहे, तेही सांगावं लागेल.

बोईसर-तारापूरचं जग याच्या पलीकडे गेलेलं आहे. १९६९ साली तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, मागोमाग औद्योगिक वसाहत वाढली, आणि या पट्ट्यात वंश-पेशाच्या जोड्या इतक्या विस्कटल्या की कोणत्याही खेळाच्या लेखकाने हात टेकावेत. चिंचणी-वरोरच्या किनारी गावांत, जिथे मासेमारी हाच पेशा मानला जाई, तिथे घराघरात सोन्याच्या दागिन्यांचे साचे कोरण्याचा डायमेकिंगचा धंदा रुजला. मच्छीमाराचा मुलगा पोलादात नक्षी खोदतो, वारल्याचा मुलगा फिटर होतो, उत्तर प्रदेशातून आलेला गडी कारखान्याच्या गेटवर उभा असतो. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी पोफरण-अक्करपट्टीची माणसं उठवली गेली, तेव्हा मासेमार आणि शेतकऱ्यांना पेशा बदलायचा की नाही हे कोणी विचारलंच नाही. मोकळीक आणि सक्ती एकाच दारातून आत आली. इथली पोरं मोबाइलवर बहुधा बंदुकीचे खेळ खेळतात, ज्यांत कोणी कूळ विचारत नाही. ते त्यांना रास्त वाटत असणार.

तरी बोईसरचा खरा धडा वेगळा आहे. दार सगळ्यांना उघडं असलं तरी दारातला माणूस सगळ्यांकडे सारखा बघत नाही. एकाच प्रमाणपत्राच्या दोन फिटरांना आडनाव सांगितल्यावर वेगवेगळा सूर ऐकायला मिळतो, हे इथे कोणालाही विचारा. मनाई कुठेच लिहिलेली नसते आणि लोर मात्र ठासून भरलेलं असतं.

२०२३च्या 'बाल्डर्स गेट ३'ने नेमकं हेच केलं, म्हणून तो खेळ या आढाव्यात मला सर्वांत पुढचा वाटतो. कोणताही वंश, कोणताही क्लास, नियम अडवत नाही. पण तुम्ही ड्राऊ, म्हणजे पाताळातले काळे एल्फ, म्हणून गॉब्लिनांच्या तळात शिरलात तर गॉब्लिन वचकतात, वाट देतात. इतरांच्या नजरेत आधी संशय येतो. तुम्ही पुरोहित असाल तर देवळात वेगळा संवाद सुचतो, रानटी योद्धा असाल तर ओरडण्याचा पर्याय येतो. जगाला तुमची निवड लक्षात राहते. याउलट २०११च्या 'स्कायरिम'मध्येही कोणी काहीही होऊ शकतो. तिथल्या काही वंशांवर शहराबाहेर राहण्याची वेळ आलेली दिसते, पण तुम्ही त्याच वंशाचे असून सगळ्या मानाच्या जागा मिळवल्यात तरी फार कमी लोकांना त्याचं नवल वाटतं. मोकळीक तितकीच, पडसाद थोडे.

पडसाद लिहिणं महाग पडतं, हे कबूल. प्रत्येक जोडीसाठी संवाद लिहायचे, आवाज भरायचे, तपासायचे. म्हणून बहुतेक स्टुडिओ किल्लीने काम भागवतात: दार बंद किंवा दार उघडं. 'वॉरक्राफ्ट'चा प्रवास यासाठी बघण्यासारखा. २००७च्या पहिल्या विस्तारात खेळातल्या दोन्ही विरोधी फौजांना पॅलाडिन आणि शामान मिळाले. खरं कारण तोल होतं: एका फौजेला जो क्लास मिळतो तो दुसऱ्या फौजेला मिळत नसेल तर लढाया एकांगी होतात. पण लेखकांनी कष्ट घेतले. ब्लड एल्फांना देवाचं तेज कोणी दिलं नव्हतं. त्यांनी एका तेजोमय प्राण्याला कैद करून ते शोषून घेतलं. पॅलाडिन तोच, पण चोरीच्या मालावर उभा. त्या एका कल्पनेने अख्खा वंश जिवंत झाला.

२०१०मध्ये टॉरेन पॅलाडिन आले. आधीपासून टॉरेनांच्या पुराणात चंद्र हा पृथ्वीमातेचा एक डोळा आणि सूर्य दुसरा. त्यांच्यातल्या काहींच्या लक्षात आलं, आपण चंद्राचीच आराधना करत आलो, सूर्याला विसरलो. मग सूर्याच्या तेजाने लढणारे 'सनवॉकर' उभे राहिले. खेळाच्या यंत्रणेत ते पॅलाडिनच, पण गिरजाघराशी त्यांचा काही संबंध नाही. लोर मोडलं नाही. त्यात आधीच असलेली रिकामी जागा वापरली गेली. वंश-क्लास जोड्यांच्या इतिहासात यापेक्षा सुबक काम मला दुसरं दिसत नाही.

आणि मग २०२२. 'ड्रॅगनफ्लाइट' विस्तारात चोर, जादूगार आणि पुरोहित हे तीन क्लास जवळपास सगळ्या वंशांना एकदम खुले झाले. पुढच्या वर्षी सैतानी जादूचा वॉरलॉकही. टॉरेन चोराची चेष्टा खूप झाली: खूर वाजवत हा कोणाच्या मागे लपणार? मला टॉरेन चोराचं वावडं नाही. उलट खूर वाजवणारा चोर ही फर्मास गोष्ट आहे, खुरांना चिंध्या बांधून हिंडणारा, कळपात तोंड लपवणारा. तक्रार एवढीच की मोकळीक घाऊक मिळाली आणि गोष्टी किरकोळीत. सूर्याचा डोळा शोधणाऱ्या लेखकांना या वेळी पुरेसा वेळ दिला गेला नसावा, असं वाटत राहतं.

आता वारली चित्रांकडे. लग्नघरात तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक काढायचा तो सवाशिणींनी. चौकात पालघट देवी, बाजूच्या छोट्या चौकात पाच शिरांचा देव. लग्नाची गाणी गाणारी आणि विधी चालवणारी धवलेरी, तीही बाईच. भगत व्हायचं तर मात्र जाणत्या भगताच्या हाताखाली शिकावं लागतं; भगतपण कमावायचं असतं. तारपा पुरुष वाजवतात आणि नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत. खेळाच्या भाषेत बोलायचं तर हे काटेकोर क्लास झाले, काही जन्माने बांधलेले, काही लिंगाने, काही शिक्षणाने. म्हणजे 'बंद' हा एकच प्रकार नसतो. खेळ रचणारे हा फरक सहसा करत नाहीत. त्यांच्याकडे एकच कुलूप असतं.

१९७०च्या दशकात या व्यवस्थेत एक पुरुष शिरला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे चित्रं काढू लागले, लग्नापुरती नव्हे, रोज. हस्तकला मंडळाच्या कामासाठी या भागात आलेल्या भास्कर कुलकर्णींनी त्यांना कागद आणि रंग दिले. १९७६ला राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ला पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातलं प्रदर्शन, २०११ला पद्मश्री. २०१८ साली ते गेले. आज गंजाडपासून जव्हारपर्यंत शेकडो पुरुष वारली चित्रं काढतात आणि त्यावर घरं चालतात.

मग जुना नियम मोडला का? लग्नाचा चौक मोडला नाही. म्हसे बायकांच्या जागी चौक काढायला बसले नाहीत. ते कागदावर आणि कापडावर गेले. भिंतीवर नसलेली माणसं, मासे धरण्याची जाळी, मुंग्यांची वारुळं, पुढे आगगाड्यासुद्धा चित्रात आली. पालघटीचा चौक विधीचा राहिला, बाकीचं आकाश खुलं झालं. टॉरेनांनी सूर्याचा डोळा शोधला, तशी म्हस्यांनी कागदाची जागा शोधली. नंतर शहरातल्या कुर्त्यांवर, पडद्यांवर, स्टेशनांच्या भिंतींवर तीच माणसं कोणीही छापू लागलं, तेव्हा आदिवासी संघटनांनी भौगोलिक मानांकनासाठी धडपड केली आणि ते मिळवलं. मोकळीक कुठवर, हा प्रश्न तिथे पुन्हा आला. फक्त या वेळी घरातल्या पुरुषासाठी नव्हे, बाहेरच्या व्यापाऱ्यासाठी.

या आढाव्यातला निम्मा गोंधळ इथे सुटतो. खेळाडू लोराविरुद्ध बोलतो तेव्हा तो बहुधा घरातलाच माणूस असतो: त्याने वंश, देव, लढाया पाठ केलेल्या असतात आणि त्याला त्यात नवं काही करायचं असतं. त्याला अडवून लोर जपलं जात नाही. ते मरतं, जेव्हा कोणाला काहीच न विचारता कोणीही काहीही छापतं.

नियम वाकवून गोष्ट घडवणं पालघरला नवं नाही. जव्हारच्या संस्थानाची उत्पत्तिकथा ठाणे गॅझेटियरात नोंदलेली आहे. जव्हार वारली सरदाराकडे होतं. पौपेरा नावाच्या कोळ्याने, पुढे ज्याला जयबा मुकणे म्हणून ओळखतात, सरदाराकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. सरदार हसून हो म्हणाला. कोळ्याने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी डोंगर वेढला. टेबलाभोवती बसून नियमपुस्तकातल्या शब्दाशब्दावर वाद घालणाऱ्या खेळाडूंचा मूळपुरुष शोधायचा असेल तर जव्हारला या. (हीच युक्ती भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेजच्या राणीच्या नावावर आहे, चांगली पळवाट प्रवास करते.) आणि कोळी राजा होऊ शकतो का, हा प्रश्न जव्हारने चौदाव्या शतकात निकालात काढला होता, हे घराणं १९४८च्या विलीनीकरणापर्यंत गादीवर होतं.

मधल्या वाटा आणखीही आहेत. 'पाथफाइंडर'च्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक पर्यायावर विरळपणाची खूण असते: सर्रास, असाधारण, दुर्मीळ. सर्रास असेल ते घ्या. बाकीचं खेळ चालवणाऱ्याला विचारून, आणि ते मिळालं कसं ते कथेत सांगून. १९९१च्या 'डार्क सन'ने उलट टोक गाठलं: देव नसलेलं वाळवंटी जग, तिथे पॅलाडिन नाहीतच, नोम नावाचा वंश कत्तल होऊन संपलेला. तिथली बंदी पटते, कारण ती प्रेतांसकट दाखवलेली आहे. कोणी मारलं, का मारलं, ते जग सांगतं.

मराठी मुलखात असं जग अजून कोणी पूर्ण रचलेलं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओने २०२०ला 'राजी' काढला. सुंदर होता, पण त्यात नायिका एकच, निवडायला क्लास नाहीत. उद्या मी पालघरच्या लोकदैवतांवर, कणसरी, हिरवा, नारनदेव, वाघोबा यांच्यावर खेळ रचला तर मी वंश आणि क्लास सगळे खुले ठेवीन. मच्छीमार भगत, वारली राजा, कारखान्यातला तारपेवाला, सगळं चालेल. मात्र प्रत्येक गावाने ते पाहून वेगळं काही बोललं पाहिजे. बोहाड्याचं सोंग घराण्याबाहेरच्याला हवं असेल तर त्याला ते मागून घ्यावं लागेल, त्या घराण्याने का द्यावं याची गोष्ट खेळाडूने घडवावी लागेल. डहाणूच्या महालक्ष्मीचा ध्वज मध्यरात्री डोंगरावर चढवण्याचा मान वाघाडीच्या पुजारी घराण्याचा. तो खेळातही त्यांचाच राहील.

धवलेरी मात्र मी खेळाडूच्या यादीत टाकणार नाही, आणि तिला टाकायची की नाही हे स्टुडिओत बसून ठरवणारही नाही. गंजाड-वाघाडीकडच्या ज्या बायका आजही लग्नात ती गाणी म्हणतात, त्यांना विचारीन. त्या नाही म्हणाल्या तर खेळात ती दिसेल, गाईल, लग्न लावेल, पण तिला चालवता येणार नाही.